नाव ओळखीतून येतं, खात्री फोनवर होते: नऊ व्यावसायिकांच्या बैठकांचा प्रकरण अभ्यास

आम्ही नऊ जण. एक वकील, एक फिजिओथेरपिस्ट, एक दंतवैद्य, एक आर्किटेक्ट, एक विमा सल्लागार, एक फोटोग्राफर, एक समुपदेशक, एक भाषांतरकार आणि हिशेब-करांची कामं करणारी मी. सगळ्यांची कामाची जागा एकाच परिसरात, एकमेकांशी तोंडओळख, आणि प्रत्येकाच्या मनात एकच टोचणी: बाकीचे सोशल मीडियावरून कामं मिळवतात, आपणच मागे राहिलोय. त्या टोचणीतून महिन्यातून एकदा भेटायचं ठरलं. काम आटोपल्यावर, संध्याकाळी, दीड तास. या बैठकांमध्ये काय फसलं, दिशा कुठे बदलली आणि आज आम्ही कुठे आहोत, ते इथे सविस्तर मांडते. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आणि बाकीच्या आठही जणांनी मजकूर वाचून होकार दिला आहे.

पहिले तीन महिने

पहिल्या बैठकीला आम्ही बाहेरून एक सल्लागार बोलावले. त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला: आठवड्याला पाच पोस्ट, रोज एक स्टोरी, महिन्याला आठ रील. कोणत्या वेळी टाकायचं, किती हॅशटॅग लावायचे, पहिल्या तीन सेकंदांत काय दाखवायचं. आम्ही शहाण्या विद्यार्थ्यांसारखं सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात भेटलो तेव्हा आठ जणांनी एकही पोस्ट टाकलेली नव्हती.

याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. दंतवैद्याचे हात दिवसभर हातमोज्यांत असतात. वकील सकाळी न्यायालयात, संध्याकाळी पक्षकारांसोबत. माझ्याकडे मुदतीचे दिवस जवळ आले की जेवायलाही उसंत नसते. तो तक्ता सल्लागारांच्या दृष्टीने बरोबरच होता, पण मजकूर बनवणं हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याच्यासाठी. आमच्यासाठी तो दुसऱ्या कोणाच्या मापाने शिवलेला सदरा होता.

नववे, म्हणजे विमा सल्लागार, मात्र मनापासून लागले होते. रोज एक शुभेच्छांचं चित्र, त्याखाली पॉलिसीची माहिती, फोनमधल्या जवळजवळ सगळ्यांना. तिसऱ्या बैठकीत त्यांनीच सांगितलं, की नात्यातल्या एकाने फोन करून "जरा कमी पाठवत जा" असं सुनावलं. कितीतरी जणांनी त्यांचे संदेश म्यूट केले होते. आणि ज्यांच्याकडे त्यांचा नंबर जतन केलेला नव्हता, त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी तशीच चालते: एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण, आणि संदेश फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलेला असतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आमच्यापैकी खरे कष्ट त्यांनी एकट्यानेच घेतले होते, आणि त्याचं फळ म्हणजे जवळची माणसं वैतागली.

फोटोग्राफर आमच्यात वयाने सर्वांत लहान. त्याचं दुःख निराळं होतं. पूर्वी फोटो टाकला की लोक भरभरून बोलायचे, आता चिटपाखरू फिरकत नाही. त्याची समजूत अशी झाली होती की आपलं काम उतरलं. त्याच्यासाठी म्हणून आम्ही एक बैठक नुसतं समजून घेण्यात घालवली. फेसबुकने व्यवसायांसाठी पानं सुरू केली २००७ मध्ये. २०१२ मध्ये कंपनीनेच सांगितलं होतं की पानाची पोस्ट सरासरी १६ टक्के अनुयायांपर्यंत पोचते. पुढे ११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे लोकांना घरच्यांचं आणि मित्रांचं जास्त दिसेल, व्यवसायांचं आणि माध्यमांचं कमी. म्हणजे त्याचे फोटो होते तसेच चांगले होते, ते लोकांसमोर ठेवणारं गणित बदललं होतं. हे ऐकून त्याचा चेहरा जो सैल झाला, तो मी विसरणार नाही. दोन वर्षं त्याने स्वतःला दोष दिला होता.

दंतवैद्य बाई त्या बैठकीत गप्प होत्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की एका मार्केटिंगवाल्यांकडून त्यांनी अनुयायी विकत घेतले होते. आठवड्याभरात आकडा फुगला, पण सगळी नावं दूरदूरची. यांतला एकही माणूस दाढ दाखवायला त्यांच्या खुर्चीत येणार नव्हता. वर पोस्टला प्रतिसाद शून्य. एखादी पोस्ट कोणापुढे आणायची हे हे मंच प्रतिसादाच्या अंदाजावर ठरवतात, त्यामुळे मुक्या अनुयायांची गर्दी उलट नुकसानच करते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२४ मध्ये जो नियम जाहीर केला, त्यात खोट्या अभिप्रायांबरोबर असे बनावट अनुयायी विकणं आणि जाणूनबुजून विकत घेणं यांवरही बंदी घातली. बाईंनी ती सगळी नावं हाताने काढून टाकली. आकडा पडला तेव्हा त्यांना लाज वाटली, पण पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर हे सांगितलं. आमच्यातलं अवघडलेपण त्या सांगण्यानेच मोडलं.

चिठ्ठ्या

चौथ्या बैठकीला समुपदेशक ताईंनी कोरे कागद आणले. तोवर त्या फारसं बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे आलेले शेवटचे पाच नवे ग्राहक आठवा. प्रत्येकाची एक चिठ्ठी. तो कोणामुळे आला, एवढंच लिहा."

नऊ जणांच्या पंचेचाळीस चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. बहुतेक चिठ्ठ्यांवर माणूस होता. "जुन्या ग्राहकाचा मेहुणा." "शेजारच्या ऑफिसातला लेखनिक." "प्रशिक्षणात भेटलेली एक जण, आडनाव आठवत नाही." वकीलसाहेब चष्मा वर करून चिठ्ठ्या पाहत राहिले आणि म्हणाले, "मग या सोशल मीडियाची आपल्याला गरजच काय? लोक ओळखीनेच येतात की."

मला ते क्षणभर पटलं. पण भाषांतरकाराच्या ध्यानात निराळी गोष्ट आली. चिठ्ठ्यांवरची माणसं आमची जिवाभावाची नव्हती, सगळी जुजबी ओळखीची होती. त्याने समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या लेखाची आठवण करून दिली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या व्यावसायिकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्यामुळे नोकरी मिळाली त्याची-तुमची गाठ किती वेळा पडायची? वारंवार, असं म्हणणारे १६.७ टक्के. अधूनमधून, ५५.६ टक्के. क्वचित, २७.८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्याइतकंच ठाऊक असतं, नवी खबर येते ती जरा लांबच्या माणसाकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून झालेल्या मोठ्या अभ्यासातही मध्यम सैल ओळखीच नोकरी मिळायला सर्वांत उपयोगी पडल्याचं दिसलं. नोकरी मिळणं आणि ग्राहक मिळणं सारखं नाही, हे मान्य. तरी आमच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या तेच सांगत होत्या.

अडचण अशी, की या सैल ओळखी विसरायला वेळ लागत नाही. ज्या बाईंचं आडनाव आठवत नाही, त्यांना आमचं तरी का आठवावं? तेव्हा सोशल मीडियाचं पहिलं काम आमच्या डोळ्यांसमोर आलं: लांबच्या ओळखीच्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, त्रास न देता, आपण काय करतो याची आठवण राहू देणं. त्यासाठी आठवड्याला पाच पोस्ट नकोत. एक बरी पोस्ट पुष्कळ झाली.

ताईंचा दुसरा प्रश्न अजून बाकी होता. "तुमचं नाव ऐकल्यापासून तुम्हाला फोन करेपर्यंत, मधल्या वेळात तो माणूस काय करतो?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. मग महिनाभर प्रत्येक नव्या ग्राहकाला ते विचारायचं ठरलं. हिशेबाची सवय म्हणून मी वहीत दोन रकाने आखले: "नाव कुठून कळलं" आणि "मग काय पाहिलंत". बाकीच्यांनीही तेच केलं.

पहिल्या रकान्यात माणसांची नावं येत राहिली. दुसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांचं एकच: फोनमध्ये नाव टाकून पाहिलं.

फोन टेबलावर

पाचवी बैठक मला सर्वांत मोलाची वाटते. ताईंनी सांगितलं, "उजवीकडच्या माणसाचं नाव आणि व्यवसाय आपापल्या फोनवर शोधा. तुम्ही त्यांना ओळखत नाही असं समजा. जे दिसेल ते मोठ्याने वाचा."

फिजिओथेरपिस्टचं पान माझ्याकडे होतं. नकाशावरच्या नोंदीत जुना फोन नंबर. ज्या वारी त्या सकाळी सातपासून असतात त्याच वारी "बंद". फोटो एकच, अर्ध्या ओढलेल्या शटरचा, कोणी तरी रस्त्यावरून काढलेला. ही नोंद त्यांनी स्वतः केलेलीच नव्हती आणि कधी ताब्यातही घेतली नव्हती. "म्हणजे मी आत पेशंट तपासत असते आणि बाहेर जगाला मी बंद दिसते?" त्या म्हणाल्या. सगळे गप्प झाले.

आर्किटेक्टचा पत्ता तीन वर्षांपूर्वीचा निघाला. तेव्हा त्यांना आठवलं, की मध्यंतरी दोन जण ठरवून आलेच नव्हते. वकीलसाहेबांचं नाव टाकल्यावर त्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ आले, फोटोसकट. फोटोग्राफरच्या पानावर उत्तम फोटो होते, पण तो कोणत्या प्रकारची कामं घेतो आणि त्याला गाठायचं कसं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवर मी आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीचं पद अजून मिरवत होते.

त्या दीड तासात कोणी एकही पोस्ट लिहिली नाही. प्रत्येकाने आपली नोंद ताब्यात घेण्याचा अर्ज केला, वेळा दुरुस्त केल्या, जुने नंबर काढले. फोटोग्राफरने तिथेच सर्वांचे साधे फोटो काढले: खिडकीशी उभं करून, मागे मोकळी भिंत, चेहरा स्पष्ट. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून आहे, त्यात कामाच्या वेळा, पत्ता आणि वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर ठेवता येतं. नऊपैकी सहा जणांनी ते याआधी उघडूनही पाहिलं नव्हतं.

माझं ठाम मत असं झालं आहे, की स्थानिक व्यावसायिकाने सोशल मीडियाला हात घालताना सुरुवात इथून करावी. ज्याला आपलं नाव कोणी तरी विश्वासाने सुचवलंय, असा माणूस दारापर्यंत येतो आणि चुकीची पाटी वाचून परत फिरतो. नवे हजार लोक शोधण्याआधी हा एक माणूस परत जाता कामा नये.

कोणी काय केलं

वकीलसाहेबांची अडचण खरी होती. अनेक देशांत वकिलांना जाहिरात करण्यावर बंधनं आहेत. अमेरिकेत १९७७ च्या बेट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या जाहिरातीवरची सरसकट बंदी उठवली. भारतात बार कौन्सिलचा नियम ३६ काम मागण्याला आणि जाहिरातीला मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, संपर्क, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायला वाट दिली. इतर व्यवसायांचेही असेच नियम असतात, आणि ते देशागणिक बदलतात. म्हणून आम्ही ठरवलं, की सोशल मीडियावर काहीही करण्याआधी प्रत्येकाने आपल्या परिषदेचा नियम मुळातून वाचून यायचा. सांगोवांगी चालणार नाही.

वकीलसाहेबांनी नियम वाचून आपली रेघ आखली: स्वतःच्या कामाविषयी एक अक्षर नाही, जिंकलेल्या खटल्यांचा उल्लेख नाही, फक्त लोकांना उपयोगी पडेल अशी प्रक्रियेची माहिती. पहिलं टिपण होतं, नोटीस हातात पडल्यावर काय करावं. ती मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा. पाकीट फेकू नका. उत्तराची मुदत किती आहे ते शोधा. रागाच्या भरात स्वतः उत्तर पाठवू नका. चार वाक्यं. त्याखाली लोक आपापली प्रकरणं मांडू लागले तेव्हा ते घाबरले, कारण तिथे दिलेलं उत्तर म्हणजे सल्लाच. मग भाषांतरकाराने त्यांना एक ठरलेलं वाक्य घडवून दिलं: "कागदपत्रं पाहिल्याशिवाय तुमच्या प्रकरणाबद्दल काही सांगणं तुमच्याच हिताचं नाही, जवळच्या वकिलांना कागद दाखवा." "माझ्याकडे या" असं त्यात कुठेच नाही, हे त्यांनी तीनदा तपासून घेतलं.

फिजिओथेरपिस्टवरून आमचं एकमेव मोठं भांडण झालं. एका पेशंटचा आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ त्यांच्याकडे होता. कुबडीवर आलेला माणूस सहा आठवड्यांनी जिना चढतोय. पेशंट हो म्हणाला होता. पाहताना अंगावर काटा आला. फोटोग्राफर म्हणाला, याहून चांगलं काही असूच शकत नाही. समुपदेशक ताई ठाम उभ्या राहिल्या. "ज्याने तुमच्या हातात आपला गुडघा दिलाय, तो तुम्हाला नाही कसं म्हणेल? उपचार चालू असताना दिलेला होकार हा होकार नसतो." आवाज चढले. शेवटी फिजिओथेरपिस्टनेच व्हिडिओ न टाकायचं ठरवलं. म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा तो टेबलावर आडवा होता. मी उभी होते. बरोबर आहे ताईंचं."

त्याऐवजी त्यांनी स्वतःचा गुडघा दाखवला. फोन रजिस्टरांच्या चळतीला टेकवला, पंखा बंद केला कारण त्याचा आवाज येत होता. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, पाय सरळ, मांडीचा स्नायू आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. "दुखलं तर थांबा आणि ज्यांनी व्यायाम सांगितलाय त्यांना विचारा." चौथ्या खेपेला जमलं. लांबी मिनिटभराचीही नाही.

पडद्यावरचा आकडा पाहिला तर तो व्हिडिओ पडलाच म्हणायचा. पण त्यांच्या वहीच्या दुसऱ्या रकान्यात "टॉवेलवाला व्हिडिओ" हे शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले. पेशंट तो आपल्या आईला, साडूला, शेजाऱ्यांना खासगीत पाठवत होते. खासगी संदेशांतून होणाऱ्या अशा देवाणघेवाणीला पत्रकार अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये "डार्क सोशल" असं नाव दिलं होतं, कारण मोजणाऱ्या यंत्रणांना ती दिसत नाही. वहीत विचारून नोंद ठेवली नसती, तर फिजिओथेरपिस्टने दुसरा व्हिडिओ केलाच नसता.

आर्किटेक्टनी बांधकाम चालू असतानाच्या टप्प्यांचे फोटो टाकायला सुरुवात केली, प्रत्येकाखाली एक ओळ: हे असं का केलं. गच्चीचा उतार, पागोळीची जागा, खिडकीवरचा छज्जा. पूर्ण झालेल्या घरांचे चकचकीत फोटो सगळेच टाकतात, लोकांना "का" वाचायला आवडलं. भाषांतरकाराने लिंक्डइनवर महिन्याला एक शब्द घेऊन लिहायचं ठरवलं आणि ते तो नेमाने करतो. विमा सल्लागारांनी रोजचे संदेश पूर्ण थांबवले. दावा करताना कोणते कागद लागतात याची एक यादी करून ठेवली. ती ते कोणी मागितली तरच पाठवतात, आणि लोक मागतात.

माझ्या हातून झालेली चूक

हे लिहायला जड जातं, पण टाळलं तर हा अभ्यास अपुरा राहील. मुदतीची आठवण सर्वांना एकदम देता यावी म्हणून मी माझ्या ग्राहकांचा एक व्हॉट्सॲप गट केला. ब्रॉडकास्ट यादी आणि गट यांतला फरक मला माहीत होता. त्या रात्री घाई होती, एवढंच कारण. गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. सकाळी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त लागलं. "माझे हिशेब तुमच्याकडे असतात हे माझ्या भागीदाराला कळायला नको होतं. तोही त्या गटात आहे."

कोणाचे हिशेब कोणाकडे आहेत, हीसुद्धा गोपनीय गोष्ट आहे. मी गट मोडला आणि दोन दिवस एकेकाला स्वतः फोन करून माफी मागितली. बहुतेकांनी समजून घेतलं. तो ग्राहक मात्र गेला, आणि त्याचं जाणं योग्यच होतं. तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे: ग्राहकांना एकमेकांची ओळख कळेल असं काहीही करण्याआधी गटातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचं. रात्री उशिरा काहीही पाठवायचं नाही.

एक तारा

दंतवैद्य बाईंना एका पेशंटने एक तारा दिला आणि खाली लिहिलं, की ताटकळत ठेवलं, काम नीट केलं नाही. बाई रागाने थरथरत होत्या. उत्तर लिहून तयार होतं: "आपण दोनदा वेळ घेऊन आला नाहीत, आणि सांगितलेली औषधं घेतली नाहीत." प्रत्येक शब्द खरा होता. वकीलसाहेबांनी फोन त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घेतला. अमेरिकेत २०१९ मध्ये एका दंतवैद्यक दवाखान्याने अशाच अभिप्रायांना उत्तर देताना पेशंटची माहिती उघड केली आणि प्रकरण १०,००० डॉलर भरून मिटवावं लागलं. देश कोणताही असो, चिडलेल्या पेशंटने आपलं गाऱ्हाणं चव्हाट्यावर मांडलं म्हणून डॉक्टरला त्याची फाइल उघडता येत नाही.

अर्धा तास घासूनपुसून जे उत्तर गेलं ते असं: "आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं. इथे कोणाच्याही उपचारांबद्दल बोलणं आम्हाला योग्य वाटत नाही. कृपया दवाखान्यात फोन करा, मी स्वतः बोलेन." तो पेशंट परत आला नाही. पण पुढे आलेल्या एका बाईंनी दुसऱ्या रकान्यासाठी सांगितलं, की त्यांनी सगळे चांगले अभिप्राय सोडून आधी तोच वाचला होता, आणि खालचं उत्तर वाचून फोन केला.

चांगले अभिप्राय मागावेत का, यावरही बोललो. कामावर खूश होऊन जाणाऱ्याला सहज सांगायला हरकत नाही. बदल्यात सवलत किंवा भेट देणं मात्र गूगलच्या नियमांतही बसत नाही आणि आमच्या मनातही.

भाड्याची जागा

फोटोग्राफरचं एका मंचावरचं खातं मध्येच बंद झालं. का, ते त्याला नीट कळलं नाही, आणि सहा वर्षांची कामं त्याबरोबर गेली. मूळ फोटो डिस्कवर होते, पण लोकांचे शब्द, ओळखी, पत्ते गेले. अख्खे मंचही बंद होतात: ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर जवळपास सहा तास एकदम ठप्प झाले होते. कारण होतं, देखभालीचं काम करताना झालेली एक चूक. म्हणून आमच्या सगळ्यांकडे आता ग्राहकांचे नंबर आणि ईमेल, त्यांच्या परवानगीने, स्वतःच्या वहीत किंवा फाइलमध्ये आहेत. फोटोग्राफरने साधं एकपानी संकेतस्थळ स्वतःच्या नावाने घेतलं. याहून जास्त काही केलेलं नाही.

आज

विमा सल्लागार आता येत नाहीत, त्यांची बदललेली वेळ जमत नाही. बाकी आठ जण येतो. बैठकीची पहिली दहा मिनिटं अजूनही तशीच जातात: फोन टेबलावर, उजवीकडच्या माणसाचं नाव टाका, जे दिसेल ते मोठ्याने वाचा. दर वेळी काही ना काही निघतंच. गेल्या महिन्यात भाषांतरकाराच्या नंबरातला एक आकडा चुकलेला सापडला. तो त्यानेच घाईत टाकला होता.

समुपदेशक ताईंनी आजवर एकही पोस्ट टाकलेली नाही. नाव, पात्रता, वेळा, नंबर आणि खिडकीशी काढलेला तो फोटो, बस. त्यांच्याकडे येणारी माणसं आपण इथे येतो हे कोणाला कळेल, या भीतीनेच आलेली असतात, त्यांना त्यांच्या समुपदेशकाचं मौन हवं असतं. यावर आता कोणी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मात्र मागच्या बैठकीत त्यांनीच नवा कागद पुढे सरकवला. आपल्या दुसऱ्या रकान्यात फक्त त्यांचीच उत्तरं आहेत ज्यांनी पाहिलं आणि फोन केला. "ज्यांनी आपलं नाव टाकलं, पान वाचलं आणि फोन केलाच नाही, त्यांना काय दिसलं? त्यांना कसं विचारायचं?" वकीलसाहेबांनी सुचवलं, की आपल्या ओळखीत ज्यांना अलीकडे कोणा व्यावसायिकाची गरज पडली, त्यांना विचारावं: कोणाची नावं पाहून सोडून दिलीत, आणि कशामुळे. आठ जणांनी आठ माणसं शोधायची आहेत. माझ्या वहीत मी तिसरा रकाना आखून ठेवला आहे, अजून कोरा.